वजनाचा दोष जिभेलाच का?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त आपल्या सभागृहात झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचे हे शब्दांकन. व्याख्याते आपल्याच 'बी' विंगमधील सभासद असून व्यवसायाने फिजिशियन आहेत. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



२५ वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा बहुतेक सगळे तिशी-पस्तिशीत होतो. लिफ्ट सुरू व्हायच्या आधी गॅस सिलिंडर खांद्यावर घेऊन चौथ्या मजल्यापर्यंत गेलेले सभासद आज समोर बसले आहेत. आता लिफ्ट दहा मिनिटं बंद पडली की सेक्रेटरींना फोन जातो. इमारतीचं वय वाढलं तसं आपलंही वाढलं आणि वयाबरोबर कमरेचा घेरही वाढला. म्हणूनच कार्यकारिणीने मला 'लठ्ठपणा' हा विषय दिला आणि वर सांगितलं, "डॉक्टर, जरा दम द्या सगळ्यांना."

दम मी देणार नाही. लठ्ठ माणसाला दम देणारे आपल्याकडे कधीच कमी नव्हते. हळदीकुंकवाला गेलेल्या बाईला "अगं, किती सुटलीस!" असं दारातच ऐकावं लागतं. शाळेत एखाद्या मुलाचं नाव 'ढोल्या' पडलं की ते दहावीपर्यंत सुटत नाही. आपल्या भाषेत तर माजलेल्या माणसाला 'चरबी चढली' म्हणतात. म्हणजे चरबी हा शरीराचा भाग कमी आणि स्वभावाचा दोष जास्त, असं आपण बोलता बोलता ठरवून टाकलेलं आहे. जो जाड तो खादाड, आळशी, ज्याचा जिभेवर ताबा नाही तो.

आज मला एवढंच सांगायचं आहे की हे निदान अर्धवट आहे, आणि अर्धवट निदानावर केलेले उपचार लागू पडत नाहीत. जिभेचा वाटा आहे, मी नाही म्हणत नाही. पण भूक किती लागावी, पोट भरल्याचं कधी कळावं, खाल्लेलं कुठे साठवावं, बसल्या बसल्या किती खर्च व्हावं, हे सगळं जीभ ठरवत नाही. ते ठरवणारी रसायनं रक्तातून फिरत असतात. त्यांना आपण संप्रेरकं किंवा हार्मोन्स म्हणतो. लठ्ठपणात नेमकं त्यांचंच कामकाज बिघडलेलं असतं.

चरबी म्हणजे माळ्यावरचं सामान नव्हे

मी कॉलेजमध्ये शिकलो तेव्हा चरबी म्हणजे एक साठा, इतकंच शिकवलं जायचं. जास्तीचं अन्न तिथे जमा करायचं, गरज पडली की काढायचं. माळ्यावर ट्रंक ठेवतो तसं. ही समजूत १९९४ साली बदलली.

त्याची सुरुवात मात्र फार आधीची. अमेरिकेत मेन राज्यात बार हार्बर या गावी जॅक्सन लॅबोरेटरी नावाची उंदरांवर संशोधन करणारी संस्था आहे. तिथे १९४९ च्या सुमारास काही उंदीर असे सापडले की ते सारखे खातच राहायचे आणि नेहमीच्या उंदराच्या जवळजवळ तिप्पट वजनाचे व्हायचे. पुढे त्याच संस्थेतल्या डग्लस कोलमन यांनी प्रयोग करून अंदाज बांधला की या उंदरांच्या रक्तात 'आता पुरे' सांगणारा एक घटक नसावा. तो घटक कोणता, हे १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातले जेफ्री फ्रीडमन आणि त्यांचे सहकारी यांनी शोधून काढलं. त्याला नाव दिलं लेप्टिन. ग्रीक भाषेत 'लेप्टोस' म्हणजे बारीक, सडपातळ. गंमत अशी की हे हार्मोन तयार होतं ते चरबीच्या पेशींमध्येच.

लेप्टिनचं काम समजायला लांब जायला नको. आपल्या गच्चीवरच्या टाकीत फ्लोट आहे. पाणी वर आलं की फ्लोट उचलला जातो आणि खाली पंप बंद होतो. चरबीचा साठा पुरेसा असला की लेप्टिन रक्तातून मेंदूकडे जातं, तिथल्या हायपोथॅलॅमस नावाच्या भागाला सांगतं की टाकी भरली आहे, पंप बंद करा. मग भूक आवरते.

आता समजा फ्लोटच नाही. टाकी भरून वाहतेय आणि खाली पंप चालूच आहे. अशी माणसंही सापडली. १९९७ मध्ये इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या डॉक्टरांनी दोन लहान चुलत भावंडांची नोंद केली. त्यांच्या शरीरात जन्मतःच लेप्टिन तयार होत नव्हतं. त्यातली मुलगी नऊ वर्षांची झाली तेव्हा तिचं वजन ९४ किलो होतं. तिला रोज लेप्टिनचं इंजेक्शन सुरू केलं. वर्षभरात वजन सुमारे १६ किलोंनी उतरलं आणि सतत खायला मागणारं पोर भावंडांसारखं जेवायला लागलं. उपदेश तोच, घर तेच, आईवडील तेच. बदललं ते फक्त एक हार्मोन.

ही मुलगी आपल्या सोसायटीत असती तर आपण तिला काय म्हटलं असतं, याचा प्रत्येकाने मनातल्या मनात विचार करावा.

तुम्ही म्हणाल, मग सगळ्यांनाच लेप्टिन द्या की! करून पाहिलं. उपयोग झाला नाही. कारण अशी जन्मजात कमतरता अगदी क्वचित असते. नेहमीच्या लठ्ठपणात लेप्टिन कमी नसतं, उलट भरपूर असतं. चरबी जास्त म्हणजे लेप्टिनही जास्त. पण मेंदू त्याची दखल घेईनासा होतो. फ्लोट वर आलेला आहे, पण वायर गंजली आहे. पंपाला वाटतं टाकी अजून रिकामीच. म्हणून शंभर किलोच्या माणसालाही खरीखुरी भूक लागते. ती नाटकी नसते.

वजन उतरलं की शरीर घाबरतं

इथे अनेकांनी डाएट केलेलं असेल. पहिले दोन-तीन महिने आठ-दहा किलो उतरतात, लोक कौतुक करतात, आणि वर्षभरात सगळं परत. मग सगळे म्हणतात, "टिकवता आलं नाही." आपणही स्वतःला तेच म्हणतो.

ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या संशोधकांनी २०११ मध्ये याचा माग काढला. ५० लठ्ठ माणसांना दहा आठवडे अगदी कमी उष्मांकाचा आहार दिला. सरासरी साडेतेरा किलो वजन उतरलं. लेप्टिन धाडकन खाली आलं, आणि जठरातून निघणारं भुकेचं हार्मोन, घ्रेलिन, ते वाढलं. घ्रेलिन जपानी संशोधकांनी १९९९ मध्ये शोधलं. महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. वर्षानंतर पुन्हा तपासलं तेव्हाही ही हार्मोन्स पूर्वपदावर आलेली नव्हती. माणसांना आधीपेक्षा जास्त भूक लागत होती.

दुसरं उदाहरण अमेरिकेतल्या वजन कमी करण्याच्या एका टीव्ही स्पर्धेचं. त्यातल्या १४ स्पर्धकांना सहा वर्षांनी तपासलं. त्याचा अहवाल २०१६ मध्ये आला. बहुतेकांचं बरंचसं वजन परत आलं होतं, आणि तरीही त्यांचं शरीर बसल्या जागी अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी खर्च करत होतं. म्हणजे खर्चाला शरीराने कात्री लावली ती लावलीच. आपल्या खजिनदारांनाही इतकी काटकसर जमणार नाही!

शरीराच्या बाजूने पाहिलं तर यात नवल नाही. दुष्काळात तगून राहावं म्हणून ही व्यवस्था आहे. आपण केलेलं डाएट आणि पडलेला दुष्काळ यातला फरक शरीराला कळत नाही. म्हणून 'महिन्यात दहा किलो' अशा जाहिरातींच्या मागे लागू नका. जेवढ्या घाईने उतरवाल तेवढा त्या उतरणीत स्नायूंचाही बळी जाण्याची भीती असते. परत येते ती मात्र बहुतांश चरबी.

इन्सुलिनची बेल

आता दुसरं महत्त्वाचं हार्मोन, इन्सुलिन. जेवलो की रक्तात साखर वाढते. स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं. इन्सुलिन स्नायूंच्या, चरबीच्या पेशींच्या दारावर बेल वाजवतं, "साखर आलीय, आत घ्या." दार उघडतं, साखर आत जाते.

पण सकाळी चहा-खारी, दहाला पोहे, अकराला चहा-बिस्किट, दुपारी भरपेट जेवण, चारला फरसाण, रात्री साडेनऊला परत जेवण, वर टीव्हीसमोर काहीतरी, असं चाललं की बेल दिवसभर वाजत राहते. हालचाल नाही म्हणून घरात आधीच सामान खचाखच भरलेलं. आतला माणूस दार उघडायचा कंटाळा करतो. मग स्वादुपिंड आणखी जोरात बेल वाजवतं, म्हणजे जास्त इन्सुलिन सोडतं. याला इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात.

या काळात साखरेचा रिपोर्ट कित्येक वर्षं नॉर्मल येऊ शकतो. आपण खूश. पण आत इन्सुलिन वाढलेलं असतं. कातडीखालची साठवणीची जागा भरली की चरबी नको तिथे जाऊन बसते: पोटाच्या आत आतड्यांभोवती, लिव्हरमध्ये, स्नायूंमध्ये. सोनोग्राफीत 'ग्रेड वन फॅटी लिव्हर' लिहून येतं आणि आपण म्हणतो, "ते काय, सगळ्यांनाच असतं."

ही पोटातली चरबी गप्प बसत नाही. ती दाह वाढवणारी रसायनं सोडते. इन्सुलिनला मदत करणारं अ‍ॅडिपोनेक्टिन नावाचं चांगलं हार्मोन तिच्यामुळे कमी होतं. ट्रायग्लिसराइड वाढतात, चांगलं कोलेस्टेरॉल घटतं, बीपी चढतं. शेवटी स्वादुपिंड दमतं आणि मग मधुमेह 'अचानक' सापडतो. अचानक काहीच झालेलं नसतं.

याच साखळीत आणखी काही गोष्टी येतात, ज्या आपण वेगवेगळ्या समजतो. तरुण मुलींची पाळी अनियमित होणं, हनुवटीवर केस येणं, म्हणजे पीसीओएस. त्यात वाढलेलं इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी हार्मोन्स जास्त बनवायला लावतं. त्यातून वजन वाढतं आणि वजनातून इन्सुलिन. मुलीला वाटतं आपलंच चुकतंय. वजन पाच-दहा टक्क्यांनी उतरलं तरी अनेकींची पाळी सुधारते. पाळी जाण्याच्या वयात इस्ट्रोजेन कमी होतं आणि इतके दिवस मांड्या-नितंबांवर असणारी चरबी पोटाकडे सरकते. म्हणून चाळिशी-पन्नाशीतल्या वहिनी सांगतात, "खाणं तेच आहे हो, पण पोट वाढतंय," तेव्हा त्यांच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. पुरुषांत पोट वाढलं की टेस्टोस्टेरॉन कमी होतं, थकवा येतो, स्नायू घटतात. त्याबद्दल कोणी बोलत नाही, एवढंच.

आणि मानेवर, काखेत काळपट, मखमलीसारखी जाडसर त्वचा दिसली तर ती मळ म्हणून घासू नका. विशेषतः मुलांची. आईने कितीही उटणं लावलं तरी ती जाणार नाही. बऱ्याचदा ती इन्सुलिन वाढल्याची खूण असते. रक्त तपासा.

पुण्याची एक गोष्ट

"डॉक्टर, आम्ही कुठे जाड आहोत? हे अमेरिकेतल्या लोकांचं," असं ज्यांना वाटतंय त्यांच्यासाठी पुण्यात झालेलं काम सांगतो.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांच्यासह २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा शेजारी शेजारी फोटो छापला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. दोघेही दिसायला सडपातळ. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के! वजनकाट्याला जे दिसलं नाही ते इथे दिसलं.

याज्ञिकांच्या पथकाने पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळंही मोजली. सरासरी वजन २.७ किलो. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं लहान, हातपाय बारीक, स्नायू कमी, पण चरबी त्या मानाने टिकून राहिलेली. म्हणजे 'बारीक पण चरबीदार' ही आपली ठेवण आईच्या पोटातूनच सुरू होते. त्यावर पुढे गाडी, लिफ्ट, बैठं काम आणि फरसाण आलं की काय होणार?

म्हणून आपल्यासाठी मापं वेगळी आहेत. पाश्चात्त्यांसाठी बॉडी मास इंडेक्स ३० च्या पुढे लठ्ठपणा धरतात, भारतीयांसाठी २५ पासूनच, आणि २३ ला सावध व्हायचं. त्याहून सोपं माप कंबरेचं: पुरुषांत ९० सेंटिमीटर, म्हणजे साडेपस्तीस इंच, आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच. त्यापुढे गेलं तर तपासण्या करायच्या.

पुरुष मंडळी लगेच म्हणतील, "माझी पँट तर चौतिसाचीच आहे." पँटवर जाऊ नका. पोट वाढतं तशी पँट खाली सरकते, माप तेच राहतं. आणि साडी, गाऊन, नाडीची सलवार यांत तर घेर वाढलेला कळतच नाही. शिवणाची टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, पोट आत न ओढता मोजा. फोटो काढायचा नाहीये!

२०२३ मध्ये आयसीएमआरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात मधुमेही सुमारे १० कोटी आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले सुमारे साडेतेरा कोटी. पोटाचा लठ्ठपणा दर १०० प्रौढांत जवळजवळ ४० जणांत. आज या हॉलमध्ये दीडशे माणसं आहेत. हिशेब आपला आपण करा.

मग करायचं काय?

हार्मोन्सशी भांडून उपयोग नाही, त्यांना कलाकलाने घ्यावं लागतं. पाच गोष्टी सांगतो.

एक, स्नायू. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा इन्सुलिनची बेल न वाजताही साखर आत घेतो. म्हणजे मागच्या दाराने. जेवणानंतर पंधरा मिनिटं चाललं तरी साखरेचा चढ कमी होतो. नुसतं चालून भागत नाही, आठवड्यातून दोन-तीनदा ताकदीचे व्यायामही हवेत: खुर्चीतून हात न टेकता उठबस, भिंतीला हात लावून दंड, जिना. ज्येष्ठांनीही, फक्त गुडघे-हृदय दाखवून मगच.

दोन, ताट. ताटात आधी कोशिंबीर-भाजी, मग उसळ, वरण, पनीर, अंडं किंवा मासे, आणि शेवटी पोळी-भात, असा क्रम ठेवला तर साखर सावकाश वाढते. आपल्या ताटात भात-पोळी भरपूर आणि वरण पातळ असतं. ते उलटं करा. मोडाची मटकी, मूग, हरभरा, घट्ट वरण, ताक यात नवीन काही नाही, आजीचंच आहे. उपासाला मात्र आजीचं ऐकू नका. एकादशी दुप्पट खाशी! साबुदाणा, बटाटा आणि तूप यांना उपास म्हणणं स्वादुपिंडाला पटत नाही.

तीन, दोन खाण्यांच्या मध्ये बेल बंद ठेवा. दिवसात पाच वेळा साखरेचा चहा म्हणजे पाच वेळा बेल. रात्रीचं जेवण शक्य तितकं लवकर.

चार, झोप. २००४ मध्ये शिकागोत बारा निरोगी तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं. दहा तास झोपल्यावरच्या तुलनेत लेप्टिन १८ टक्क्यांनी कमी आणि घ्रेलिन २८ टक्क्यांनी जास्त आढळलं. रात्री एकपर्यंत मोबाईल बघणाऱ्याला मध्यरात्री चिवडा आठवतो, त्याचं कारण हे. घोरणं जोरात असेल आणि दिवसा पेंग येत असेल तर तेही दाखवा.

पाच, ध्येय लहान ठेवा. वजन ९० असेल तर ६० चा विचार नको. पाच-सहा किलो उतरले आणि टिकले तरी लिव्हरमधली चरबी, साखर, बीपी यांत फरक पडतो. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या भारतीयांनी आहार-व्यायाम सांभाळला, तर पुढच्या तीन वर्षांत मधुमेह होण्याचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी घटला. विशेष म्हणजे त्यांचं वजन फारसं उतरलेलं नव्हतं. म्हणजे काटा हलला नाही तरी आतलं काम सुरू असतं. काट्यावर रुसून चालणं बंद करू नका.

सोसायटीकडे तीन मागण्या

आता वैद्यकीय सोडून थोडं आपल्या घरातलं. माझ्याकडे कितीतरी बायका मधुमेह बराच वाढल्यावर येतात. आधी का नाही आलात विचारलं तर उत्तर एकच, "डॉक्टर वजनावरून बोलतील म्हणून." टोमण्याने वजन उतरत नाही. माणूस लपतो, जिममध्ये जायला लाजतो, लग्नाकार्याला जायचं टाळतो, तपासणी पुढे ढकलतो. बीपीच्या गोळीबद्दल आपण कुणाला चिडवतो का? मग लठ्ठपणालाच वेगळा न्याय का?

म्हणून जनरल बॉडीपुढे तीन गोष्टी ठेवतो. पहिली, इमारतीभोवतीचा रस्ता रात्री साडेआठ ते साडेनऊ दुचाक्यांपासून मोकळा ठेवावा, म्हणजे जेवून खाली उतरणाऱ्यांना चालता येईल. दुसरी, दर वर्षीच्या आरोग्य शिबिरात सगळ्यांदेखत वजन पुकारणं बंद करावं. पडद्याआड कंबर मोजा, बीपी, उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी करा, कागद ज्याचा त्याच्या हातात द्या. तिसरी मागणी ठरावाने होणारी नाही. गणपतीतल्या स्किटमध्ये जाड मुलाला दर वर्षी तेच विनोदी काम देतो, ते यंदापासून नको. त्याला राजा करा, शिवाजी महाराजांचा सरदार करा, काहीही करा.

प्रश्नोत्तरे

*एक सभासद भगिनी:* माझा थायरॉईड आहे, म्हणूनच वजन वाढतंय ना?

थायरॉईड कमी असेल तर वजन थोडं वाढतं, त्यातही बरंचसं पाणी असतं. गोळी नीट चालू असून टीएसएच जागेवर असेल, तर वीस किलोंचा दोष थायरॉईडला देता येणार नाही. स्टेरॉईड, काही मानसिक आजारांची औषधं यांनीही वजन वाढतं. पण म्हणून कोणतंही औषध परस्पर बंद करू नका, डॉक्टरांशी बोला.

*'ए' विंगमधील काका:* सकाळी कोमट पाण्यात लिंबू-मध घेतो. चरबी वितळते का?

काका, चरबी तुपासारखी वितळत नाही. पाणी प्या, लिंबू पिळा. मध म्हणजे साखरच, तो वगळा.

*एक तरुण सभासद:* ती नवीन इंजेक्शनं येतात, त्यांचं काय?

चांगला प्रश्न. जेवल्यावर आतड्यातून जीएलपी-वन नावाचं हार्मोन निघतं. ते इन्सुलिनला मदत करतं, जठर सावकाश रिकामं करतं आणि मेंदूला पोट भरल्याचं सांगतं. पण ते दोन-तीन मिनिटांत नष्ट होतं. १९९२ मध्ये डॉ. जॉन एंग यांना गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या विषात त्याच्यासारखं, पण जास्त टिकणारं रसायन सापडलं. त्यातून औषधांची वाट सापडली. आजचं सेमाग्लुटाइड आठवड्यातून एकदा घेतात. २०२१ च्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरलं. टिर्झेपेटाइड हे त्याच्या पुढचं, तेही २०२५ पासून भारतात मिळतं. ही जादू नाही, पण फसवणूकही नाही. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ होऊ शकतं, प्रथिनं आणि व्यायाम नसेल तर स्नायूही घटतात. औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आल्याचं त्याच चाचणीत दिसलं. मघाशी सांगितलं ना, शरीर घाबरतं. गरोदर स्त्रियांनी, काही प्रकारच्या थायरॉईड कॅन्सरचा इतिहास असलेल्यांनी ती घेऊ नयेत. लग्न दोन महिन्यांवर आलंय म्हणून जिममधल्या मित्राकडून तर मुळीच नाही.

*एक पालक:* मुलगा तेरा वर्षांचा आहे, वजन जास्त आहे. त्याचं जेवण कमी करू का?

नको. वाढत्या वयात उपाशी ठेवायचं नाही. मान काळी पडली असेल, तहान-लघवी वाढली असेल तर बालरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्या. बाकी बदल सगळ्या घराने करायचा. थंड पेयाची बाटली फ्रीजमध्येच नको, म्हणजे त्यालाही नाही आणि बाबांनाही नाही. मोबाईल रात्री दहाला हॉलमध्ये ठेवायचा, सगळ्यांचा. संध्याकाळी तासभर खाली खेळायला सोडा आणि कोचिंग क्लास तेवढा मागेपुढे करा. त्याच्या एकट्याच्या ताटातली पोळी मोजलीत, तर तो बाहेर जाऊन वडापाव खाईल आणि तुम्हाला सांगणार नाही. तुमच्याशी बोलत राहील इतपत विश्वास ठेवलात, तर पुढचं पुष्कळ सोपं होतं.

वेळ संपली, खाली जेवणाची पानं मांडलेली आहेत असं सेक्रेटरी खुणेने सांगत आहेत. श्रीखंड आहे, मला माहीत आहे. अवश्य खा, पण कोशिंबीर आणि मटकीची उसळ आधी संपवा. आणि जेवण झाल्यावर लगेच खुर्ची धरू नका, इमारतीला दोन फेऱ्या मारू या. मी खाली थांबतो.